हेर ओळखण्याच्या पाच खुणा

माझ्या नाकाबद्दल आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ते मोठं आहे, टोकाला जरासं डावीकडं वळलेलं आहे, आणि गेली तेवीस वर्षं ते आमच्या शहरातल्या एका दैनिकाच्या पहिल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात रोज छापून येतंय. माझी बायको दमयंती त्या दैनिकासाठी व्यंगचित्रं काढते. तिला माणूस मनानं काढता येत नाही. समोर बघायला कुणीतरी लागतं, आणि आमच्या घरात समोर बसलेला प्राणी मीच. त्यामुळं लाच खाणारा इंजिनिअर असो, निवडणुकीत पडलेला उमेदवार असो, रुसलेला जावई असो नाहीतर टँकरमागं कळशी घेऊन पळणारा नागरिक असो, नाक माझंच. एकदा औरंगपुऱ्यात भाजी घेताना एक बाई खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कालचे तलाठी ना?" आता यावर काय बोलायचं, सांगा. मी गवार घेतली आणि घरी आलो.

मी स्वतः मोजणीचं काम करतो. खासगी. भावाभावांच्या वाटण्या, प्लॉटच्या हद्दी, बांधाची भांडणं. सरकारी मोजणीची तारीख येईपर्यंत लोकांना धीर निघत नाही, मग ते धर्माधिकारी मोजणीवाल्याला बोलावतात. श्रीनिवास धर्माधिकारी म्हटलं की सिल्लोड-सोयगावपर्यंत माणसं ओळखतात, निदान माझा तसा समज होता. माझ्याबरोबर अठरा वर्षं मुनाफ आहे. सय्यद मुनाफ. मूळचा अजिंठा गावचा, आता राहायला शहरात. मी तिवईवर एक यंत्र लावतो आणि मुनाफ दुसरं यंत्र काठीवर घेऊन बांधाबांधानं चालतो. बोलणं कमी, उन्हाचा कंटाळा नाही, आणि जुन्या हद्दीचा दगड कुठं गाडला गेला असेल ते त्याला नुसतं जमिनीकडं बघून कळतं. मला ते आजतागायत कळलेलं नाही. मी ते कबूलही करत नाही.

गोष्ट दोन हजार पंचवीसच्या मे महिन्यातली. सीमेवर चार दिवस धुमश्चक्री झाली तो आठवडा. लढणारे लढत होते, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी सांगतोय ते आमच्या सिडकोतल्या गल्लीबद्दल. सीमा कुठं, आम्ही कुठं! पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. भोंग्याची चाचणी होणार असं नुसतं कळलं आणि समोरच्या सखारामअण्णांनी घराच्या सगळ्या खिडक्यांना खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवली. बेचाळीस अंशांच्या उन्हात. मग गुदमरायला लागलं म्हणून दार उघडं टाकून बसले. शेजारच्या सुरेखाताईंनी दागिने मुगाच्या डाळीत लपवले आणि लपवल्याचं गल्लीभर सांगितलं. मागच्या रस्त्यावर लग्नाचं शूटिंग करणारा ड्रोन लोकांनी दगड मारून पाडला. नवरदेव घोड्यावर बसून बघत होता.

दमयंतीला तर उकळ्या फुटत होत्या. एरवी विषय सुचत नाही म्हणून चहाचे चार कप संपवणारी ही बाई त्या आठवड्यात सकाळी सातलाच पाटी मांडीवर घेऊन बसायची. पहिल्या दिवशी तिनं शत्रूचा सेनापती काढला. समोर नकाशा, नकाशावर आमचं शहर, आणि हाताखालचा अधिकारी हात जोडून सांगतोय, "हे नको साहेब, इथं आठ दिवसांनी पाणी येतं." दुसऱ्या दिवशी छत्रीनं गच्चीवर उतरलेला शत्रूचा सैनिक आणि त्याला बघून न दचकणारी गृहिणी: "आलाच आहात तर टाकीत किती आहे तेवढं डोकावून सांगा." तिसऱ्या दिवशी गुलमंडीत रणगाडा लावायला जागा न मिळाल्यानं परत निघालेलं सैन्य. सेनापतीला माझं नाक, सैनिकाला माझं नाक, रणगाडा हाकणाऱ्यालाही माझंच. मी म्हटलं, "अगं, निदान शत्रूला तरी दुसरं नाक दे." ती म्हणाली, "अहो, हलू नका." संपलं बोलणं.

लोकांना चित्रं लई आवडली. सखारामअण्णांनी तर कात्रण काढून खिडकीवरच्या कागदांत चिकटवलं. हे मला फार आश्चर्याचं वाटलं होतं तेव्हा. घाबरणारेच हसत होते. प्रत्येकाला वाटायचं, हे दुसऱ्याबद्दल आहे.

शनिवारी लढाई थांबल्याची बातमी आली. भीती काही थांबली नाही. उलट नवीनच सुरू झालं, की आता ते वेष बदलून येणार, हेर पेरणार, आपल्यात मिसळणार. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासातासाला एक नवा संशयित. कुल्फीवाला. वीजमीटर बघायला येणारा. रविवारी तर नवीन आलेला बँकेचा मॅनेजर. त्यावर दमयंतीनं तिचं पाचवं चित्र काढलं, आणि तिथं सगळं सुरू झालं.

चित्राचं नाव होतं 'हेर ओळखण्याच्या पाच खुणा'. वरच्या अर्ध्या भागात एक माणूस उभा. अर्थात मी. माझी शेतातली टोपी, माझी तिवई, गळ्यात माझी पाण्याची बाटली, आणि पाच ठिकाणी बाण. 'भर उन्हात उभा राहतो.' 'सारखं आकाशाकडं बघतो.' 'वहीत लिहितो.' 'नम्रपणे बोलतो.' 'नाक संशयास्पद.' खालच्या अर्ध्या भागात त्याला घेरून उभी असलेली गर्दी, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि एकजण दुसऱ्याला सांगतोय, "आपला असता, तर एवढ्या उन्हात काम केलं असतं का?"

मी चिडलो. "माझी तिवई कशाला काढलीस?"

"समोर होती," ती म्हणाली.

"आणि नम्रपणे बोलतो म्हणजे? मी कधी नम्रपणे बोलतो?"

"तेवढं एक काल्पनिक आहे," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघंही हसलो. खोटं कशाला बोलू, चित्र फक्कड होतं. सोमवारी छापून आलं.

बुधवारी आम्हाला फर्दापूरच्या अलीकडं एका वाडीवर काम होतं. वाडीचं नाव सांगत नाही, कारण ती मोजणी अजून व्हायची आहे. सांडू म्हणून एक शेतकरी, त्याचा भाऊ कडुबा बजाजनगरला राहतो, कारखान्यात आहे. दोघांत चार एकरांची वाटणी करायची होती. आम्ही सकाळी नऊला पोचलो. सांडूनं चहा पाजला आणि भावाला आणायला मोटारसायकलवर फाट्यावर गेला. मोजणी दोन्ही भावांच्या डोळ्यांसमोर सुरू करायची हा माझा नियम आहे, नाहीतर नंतर एकजण म्हणतो, मी नव्हतो तेव्हा काठी सरकवली. पण यंत्र लावून ठेवायला काय हरकत? मी तिवई उभी केली. मुनाफ काठी घेऊन पलीकडच्या बांधाकडं दगड शोधायला गेला. रान मोकळं होतं, नजर जाईल तिथवर ढेकळं.

पंधरा-वीस मिनिटांत माणसं जमली. आधी पाच-सहा, मग पंचवीस-तीस. खेड्यात मोजणी म्हटलं की माणसं जमतातच, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढं एक तरुण होता, ऋतुराज नावाचा. हे नाव मला नंतर कळलं. स्वच्छ शर्ट, बोलणं अदबीचं.

"काका, हे काय यंत्र आहे?"

आता माझी खोड सांगतो. मला माझ्या यंत्राबद्दल कुणी विचारलं की मी थांबत नाही. लोकांना 'जमीन मोजायचं हाय' एवढं उत्तर पुरतं, पण मला ते अपमानाचं वाटतं. एवढं सुंदर यंत्र, आणि त्याला काय टेप म्हणायचं?

"हे उपग्रहाकडून सिग्नल घेतं," मी म्हटलं. "आपण आत्ता पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत, ते बोटाच्या पेराइतकं बरोबर सांगतं."

मागून मुनाफ खोकला. तो परत येत होता. मी फार बोलायला लागलो की तो खोकतो, अठरा वर्षांची सवय. मी लक्ष दिलं नाही.

"कुणाच्या उपग्रहाकडून?" ऋतुराजनं विचारलं.

"सगळ्यांच्या! अमेरिकेच्या, रशियाच्या, युरोपच्या, चीनच्या."

"चीनच्या?"

"आत्ता या क्षणाला चीनचे नऊ उपग्रह आपल्याला बघताहेत," मी पडद्यावर बोट ठेवून अभिमानानं दाखवलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. माझ्यापासून सगळे एक पाऊल मागं सरले आणि मग दोन पावलं पुढं आले. ऋतुराजनं खिशातून मोबाईल काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. माझ्याकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं.

"हे तुम्हीच ना?"

मी बघितलं. दमयंतीचंच चित्र. पण वरचाच अर्धा भाग. खालची गर्दी कुणीतरी कापून टाकली होती, तिची सही खालीच असते, तीही गेली होती. वर लाल अक्षरांत कुणीतरी लिहिलं होतं: 'सावधान! हा इसम आपल्या तालुक्यात फिरत आहे. पोलिसांकडील खात्रीशीर रेखाचित्र. सर्व ग्रुपवर पाठवा.'

"अरे, हे माझ्या बायकोनं काढलंय!" मी म्हटलं.

"म्हंजी बायकोनंच धरून दिला व्हय!" मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही. तो खरंच विचारत होता.

"हे व्यंगचित्र आहे. गंमत आहे. याचा खालचा भाग कापलाय."

"खालच्या भागात काय आहे?" ऋतुराज म्हणाला.

माझ्या मोबाईलमध्ये पूर्ण चित्र होतं. दाखवायला दोन सेकंद लागले असते. खालच्या भागात काय आहे ते मला पाठ होतं: उन्हात घेरून उभी असलेली गर्दी, हातात मोबाईल, चेहरे खुळ्यासारखे. मी समोर बघितलं. उन्हात घेरून उभी असलेली गर्दी, हातात मोबाईल. माझ्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणजे त्यांच्या तोंडावर मारलेली चपराक. मी म्हटलं, "काही विशेष नाही." आणि मोबाईल खिशातच ठेवला. तेवीस वर्षांत मी पहिल्यांदा माझ्या बायकोच्या चित्राला घाबरलो.

मग त्यांनी आधार कार्ड मागितलं. मी दिलं. ऋतुराजनं मोठ्यानं वाचलं, "श्रीनिवास गजानन धर्माधिकारी." गर्दीत कुजबुज झाली. एक म्हातारा पुढं आला, कार्डाकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाला, "धर्माधिकारी म्हंजी आपलेच की वो. सोडा त्यांना. बामनाचं नाक हाय ते, असंच असतंय."

एवढ्यावर सगळं निवळलं. चीन नाही, उपग्रह नाही, काही नाही. ऋतुराजनं कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं. "सॉरी काका. दिवस असे आहेत, म्हणून." कुणीतरी तांब्यातून पाणी आणलं. मी ते गटागटा प्यालो. मला बरं वाटलं. आपण आपलेच आहोत हे ऐकून माणसाला जे बरं वाटतं, ते मला त्या क्षणी पुरेपूर वाटलं. त्याची आता लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं.

"आणि हे कोण?" ऋतुराज म्हणाला.

मुनाफ काठी घेऊन माझ्यापासून पाच-सहा पावलांवर उभा होता.

"माझा माणूस आहे," मी म्हटलं. "अठरा वर्षं."

"नाव काय?"

मुनाफनं नाव सांगितलं. पूर्ण, सरळ, जसं विचारलं तसं. मग म्हणाला, "अजिंठ्याचा हाय मी. इथून दहा-बारा किलोमीटर. तुमच्या आठवडी बाजाराला माझे वडील बांगड्या घेऊन यायचे."

चित्राकडं पुन्हा कुणी बघितलं नाही. ते मला अजून आठवतं. एवढा वेळ हातातल्या चित्रावरून माणूस पारखत होते, मुनाफचं नाव ऐकल्यावर एकालाही चित्र काढून बघायची गरज वाटली नाही. मुनाफचं नाक बसकं आहे. पाचांतली एकही खूण त्याला लागू होत नव्हती, उन्हात उभं राहायची सोडून.

"अजिंठ्याचा हाय असं कोणबी म्हणंल," एकजण म्हणाला. "बस खाली."

"बसतो," मुनाफ म्हणाला. त्यानं काठी हळूच आडवी ठेवली, यंत्राला माती लागू नये म्हणून खाली रुमाल अंथरून, आणि ढेकळांत बसला. एकानं त्याचा मोबाईल घेतला. दुसऱ्यानं काठी उचलली. मुनाफ म्हणाला, "भाऊ, ती आडवी धरू नका, वरचं नाजूक असतंय." आणि तेवढ्यावर मागून एक हात आला आणि त्याच्या कानशिलात बसली. कुणाचा हात ते दिसलं नाही. चष्मा उडाला. मुनाफ चष्मा शोधायला ढेकळांत हात फिरवायला लागला.

माझं डोकं फिरलं. मी कधी कुणावर हात उचललेला नाही, पण त्या दिवशी दोघांना ढकलून मी मध्ये घुसलो.

"अरे, चित्र बघा ना मेल्यांनो! काढा ते चित्र! ते नाक याचं आहे का? बघा, नीट बघा!" मी ऋतुराजचा हात धरून मोबाईल माझ्या चेहऱ्याशेजारी लावला आणि मान वळवून बाजूनं उभा राहिलो, दमयंतीसमोर उभा राहतो तसा. "टोपी माझी! तिवई माझी! चीनचे उपग्रह कुणी दाखवले? मी दाखवले! वहीत कोण लिहितं? मी लिहितो! हेर मी आहे! मला धरा! त्याला कशाला धरताय, मला धरा!"

क्षणभर सगळे बघत राहिले. मग गर्दीच्या कडेला उभी असलेली एक म्हातारी, मनकर्णाबाई म्हणून, तोंडाला पदर लावून म्हणाली, "नाक तर ह्याचंच हाय गं बया!" आणि फिस्सकन हसली. तिच्या शेजारची हसली. मग पोरं हसली. मग सगळीच गर्दी हसायला लागली. मी नाक वर करून उभाच होतो. त्यांनी फोटोसुद्धा काढले. कुणीतरी माझ्यापुढं पुन्हा पाण्याचा तांब्या धरला.

हशा पिकला तसा जोर ओसरला. तेवढ्यात सांडू आणि कडुबा मोटारसायकलवर आले. "आरं, हे मोजणीवाले सायेब माझे, मी बोलावलेत!" सांडू ओरडला. आणि मुनाफ? त्याच्याकडं बघून तो जरा थांबला, गर्दीकडं बघितलं आणि म्हणाला, "त्यो सायबांबरोबर आलाय. मी त्याला आज सकाळीच पाह्यलं." हे खरंच होतं. चहा पाजताना बघितलं होतं. खरं बोलून माणूस किती कमी बोलू शकतो ते मला तेव्हा कळलं.

मग कुणीतरी बोलावलेले हवालदार आले, आणि उतरता उतरताच म्हणाले, "अरे मुनाफभाई! तुम्ही इथं कसे?" त्यांच्या सासऱ्याचा प्लॉट आम्ही मोजला होता. झालं. गर्दी पांगायला लागली. ऋतुराज माझ्या पाया पडला. मुनाफजवळ जाऊन त्यानं चष्मा दिला, एक काच फुटलेली, आणि म्हणाला, "चाचा, मनात ठेवू नका." मुनाफ म्हणाला, "नाय ठेवत."

हवालदारांनी विचारलं, तक्रार द्यायची का? मी मुनाफकडं बघितलं. तो काठीवरचं यंत्र रुमालानं पुसत होता. "नक्को साहेब," तो म्हणाला. "रोजचं येणं-जाणं हाय या रस्त्यानं." मोजणी न करता आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर मी सिल्लोडपर्यंत अखंड बोलत होतो. मला स्फुरण चढलं होतं. ती म्हातारी कशी हसली, मी कसा वळून उभा राहिलो, ऋतुराजचं तोंड कसं झालं. मुनाफ गाडी चालवत होता. एका काचेतून रस्ता बघायचा म्हणून मान जराशी तिरकी. मधूनमधून "हौ" म्हणत होता.

घरी आल्यावर दमयंतीला सगळं करून दाखवलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली. "मुनाफभाईंना लागलं का हो?"

"एकच बसली."

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "माझ्या चित्रामुळं झालं ना."

"तुझ्या चित्रामुळं नाही, कापणाऱ्यामुळं," मी म्हटलं. "आणि तुझ्याच चित्रामुळं सुटला. हे नाक नसतं तर काय झालं असतं, विचार कर." मी ते अगदी मनापासून म्हणालो होतो. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवं चित्र काढलं. मधोमध मी, नाक आभाळाकडं, छाती पुढं, दोन्ही हात बेड्यांसाठी पुढं केलेले, आणि भोवती मागं सरकणारी गर्दी. खाली दोनच शब्द: 'मला धरा!' तिच्या तेवीस वर्षांतलं ते सगळ्यात चांगलं चित्र आहे असं माझं मत झालं, आणि ते मी तिला तीनदा सांगितलं.

शुक्रवारी मुनाफ घरी आला. यंत्रांच्या बॅटऱ्या आमच्याकडं चार्ज होतात, त्या न्यायला. चष्म्याला नवी काच बसवलेली होती. दमयंतीनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा ठेवला. परवाबद्दल काहीतरी बोलायचं म्हणून तिनं सुरुवात केली आणि वाक्य अर्धवट राहिलं, म्हणून मग तिनं चित्रच पुढं केलं. "बघा बरं मुनाफभाई, जमलंय का? आज द्यायचंय छापायला. तुमची हरकत असेल तर नाही देणार."

मुनाफनं चित्र लांब धरून बघितलं, मग जवळ आणून बघितलं. "नाक एकदम बरोबर आलंय वहिनी."

मी हसलो.

"हरकत कशाची," तो म्हणाला. "मी कुठं हाय त्यात?"

"तुम्हाला मुद्दामच नाही काढलं," दमयंती घाईघाईनं म्हणाली. "उगाच कुणीतरी पुन्हा कापून..."

"हौ. बरोबर केलं."

चहा झाला. त्यानं बॅटऱ्या पिशवीत भरल्या, वायरी गुंडाळायला घेतल्या. तो वायर कोपरावरून गुंडाळतो, एकही पीळ पडू देत नाही. गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडं न बघता, तो म्हणाला, "साहेब, एक विचारू? राग नक्को मानू."

"विचार की."

"तुम्ही 'मला धरा' बोलले, तेव्हा भीती वाटली का तुम्हाला?"

"छे!" मी म्हटलं. "भीती कसली? अजिबात नाही."

"तेच," मुनाफ म्हणाला.

त्यानं वायरीला गाठ मारली, पिशवी खांद्याला लावली. दारातून दमयंतीला "येतो वहिनी" म्हणाला आणि जिना उतरला. तो चिडला नव्हता. चिडला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

दमयंतीनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं चित्र पाटीवरून काढलं, पेटीत तळाशी ठेवलं आणि नवा कागद लावला. त्या दिवशी छापायला आंब्यांचं एक साधंसं चित्र गेलं. लोक म्हणाले, या आठवड्यात मजा नाही आली.

मुनाफ अजून माझ्याचबरोबर काम करतो. पण आता कुठल्याही शिवारात गाडी थांबली की तो लगेच उतरत नाही. काच वर करून आत बसून राहतो. मी एकटा उतरतो, बांधावर जातो, जे कुणी जमलेलं असेल त्यांच्यासमोर उभा राहतो आणि माझं नाव सांगतो. पूर्ण सांगतो, वडिलांच्या नावासकट, आडनाव जरा मोठ्यानं. माणसांचे चेहरे सैल पडले की मी गाडीकडं हात करतो. मग मुनाफ दार उघडतो आणि काठी घेऊन खाली उतरतो.